नवी मुंबईत पहिला मुक्काम: आधी नोड, मग हॉटेल

पहिल्यांदाच दोन-तीन दिवस नवी मुंबईत राहायला येणारा माणूस मोबाइलवर नकाशा उघडतो आणि सगळ्यात आधी शहराचा मध्य शोधतो. पुण्यात डेक्कन, नाशकात सीबीएस, तसं इथं काय? असं काहीच नाही, आणि हे ठरवून केलेलं आहे. १९६५ साली मुल्कराज आनंद संपादक असलेल्या ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे नुसती लांबत चालली आहे, त्यापेक्षा खाडीपलीकडे पूर्वेला नवं शहर वसवा, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ९५ गावांच्या जमिनी आणि ३४४ चौरस किलोमीटरचा पसारा तिच्याकडे आला, आणि त्यातून एक शहर उभं राहण्याऐवजी चौदा छोटी शहरं उभी राहिली. त्यांना इथं ‘नोड’ म्हणतात. प्रत्येक नोडचा बाजार वेगळा, बागा वेगळ्या, बहुतेकांचं स्टेशनही वेगळं.

म्हणून खोली शोधताना हॉटेलचे तारे नंतर मोजा. सकाळी उठून कुठं जायचंय ते आधी ठरवा, त्यावरून नोड ठरेल. नोड चुकला तर खोली कितीही देखणी असो, दिवस रिक्षात जातो.

सेक्टर १५, पण कुठला?

इथले सेक्टर शहरभर ओळीनं मोजलेले नाहीत. प्रत्येक नोडची मोजणी एकपासून सुरू होते. त्यामुळे सेक्टर १५ वाशीत आहे, ऐरोलीत आहे, बेलापुरात आहे आणि खारघरमध्येही आहे. बेलापूरचा सेक्टर १५ खाण्यापिण्याच्या ठिकाणांसाठी प्रसिद्ध, तर वाशीत खरेदीला निघालेला माणूस सेक्टर १७ कडे वळतो. हॉटेलच्या पत्त्यात नुसता सेक्टर दिसला तर नोडचं नाव विचारूनच पैसे भरा. रिक्षावाल्या दादांनाही नोड आधी सांगा, सेक्टर मग.

स्टेशनाच्या डोक्यावर ऑफिसं

लोकल खाडी ओलांडून वाशीत आली ती मे १९९२ मध्ये. पुढे १९९८ पर्यंत ती पनवेलला पोचली. मुंबईतल्या स्टेशनांवरून आलेला माणूस इथं उतरला की आधी छताकडे बघतो, इतकी उंच आणि ऐसपैस ही स्टेशनं आहेत. वाशी स्टेशनच्या वर तर आयटी कंपन्यांची ऑफिसं थाटलेली आहेत. या रेल्वेच्या खर्चातला मोठा, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश वाटा सिडकोनं उचलला होता.

पहिल्या मुक्कामाला माझी पसंती वाशीला, आणि कारण साधं आहे. हार्बर लाइननं सीएसएमटी सुमारे पाऊण तास-पन्नास मिनिटांवर, ट्रान्स-हार्बर लाइननं ठाणे अर्ध्या तासावर, आणि पुण्याकडून येणाऱ्या बहुतेक बस वाशीवरूनच मुंबईत शिरतात. स्वतःची गाडी असेल तर आणखी एक सोय झाली आहे: ऑक्टोबर २०२४ पासून वाशी आणि ऐरोलीसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर कारला टोल नाही. दादरला जायचं असेल तर मात्र ध्यानात ठेवा, हार्बर दादरला जात नाही. कुर्ल्याला उतरून गाडी बदलावी लागते.

वाशी स्टेशनजवळ फिरताना एक मजेशीर गोष्ट दिसेल. सेक्टर ३०-ए मध्ये केरळ, आसाम, ओडिशा, उत्तराखंड अशा राज्यांची भवनं एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. पायी चालत तासाभरात निम्म्या भारताच्या पाट्या वाचून होतात. प्रदर्शनांसाठी येणाऱ्यांचं सिडको एक्झिबिशन सेंटरही इथंच.

पण वाशीतही जागा बघून घ्या. तुर्भ्याच्या बाजूला एपीएमसी, म्हणजे शेतमालाचा घाऊक बाजार, आहे. कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला आणि धान्य अशा पाच बाजारांचं हे गाव पहाटेच्या आधीच जागं होतं. ट्रकांची रांग, हमालांच्या हाका, हातगाड्या. शांत झोप हवी असेल तर इथून दूर राहा. आणि मार्च ते मे या दिवसांत आला असाल तर उलट करा, अलार्म लावून पहाटे फळबाजारात जा. देवगड-रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्या ट्रकमधून उतरताना एकदा तरी बघाव्यात. तो वास घरापर्यंत सोबत येतो.

गुलाबी पाहुण्यांचं वेळापत्रक

नेरूळ आणि सीवूड्स. हिवाळ्यात येत असाल तर वाशीचा आग्रह मी सोडून देईन आणि इथंच राहा म्हणेन. साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंनी उतरतात. ते कुठं दिसतील हे घड्याळावर ठरत नाही, भरती-ओहोटीवर ठरतं. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा पक्षी तिथं खात असतात, किनाऱ्यापासून दूर. भरतीचं पाणी चिखलावर चढलं की ते आतल्या पाणथळींमध्ये येऊन उभे राहतात. टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ, एनआरआय संकुलाजवळची, डीपीएस शाळेजवळचं तळं. म्हणून आदल्या रात्री भरतीची वेळ बघून ठेवायची आणि भरतीच्या सुमाराला पोचायचं. खोली सीवूड्सला असेल तर चहा पिऊन निघालात तरी वेळेवर पोचाल.

या पाणथळी आज दिसतात त्या फुकटात उरलेल्या नाहीत. कधी पाण्याची वाट अडली, कधी बांधकामाची टांगती तलवार आली, आणि इथल्या नागरिकांनी त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, कोर्टात गेले, रस्त्यावर मानवी साखळी करून उभे राहिले. पाहुण्यानं तिथं आवाज न करणं आणि कडेच्या वाटेवरूनच चालणं, एवढं तरी करावं.

नावेतून पक्षी बघायचे तर ऐरोली. तिथं वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत बोट जाते. तिचीही वेळ पाण्याच्या पातळीवर ठरते. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला.

नेरूळमध्ये आणखी एक गंमत पायाखाली आहे. ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या तळ्याकाठी संध्याकाळी निम्मं नेरूळ फेऱ्या मारतं. हे साधं तळं नाही, धारण तलाव आहे. शहराचा बराचसा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खालच्या जमिनीवर वसला आहे. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही. तेवढा वेळ ते अशा तलावांत थांबतं, ओहोटी लागली की दारं उघडतात आणि पाणी निघून जातं. ही युक्ती हॉलंडकडून घेतलेली.

मॅच आहे का, कॉन्सर्ट आहे का?

नेरूळची खोली नक्की करण्याआधी हे बघाच. डी. वाय. पाटील स्टेडियम इथलं. १ जून २००८ ला आयपीएलची पहिली फायनल इथं झाली. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा आसपासच्या खोल्यांचे दर आभाळाला टेकले. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक उचलला, तोही याच मैदानावर. असा दिवस असेल तर खोली महिनाभर आधी घ्या. तुम्ही तो सामना किंवा कार्यक्रम बघायला आलेले नसाल तर सरळ दुसऱ्या नोडला जा.

बेलापूर: कोरियांची घरं आणि दिवाळ्याची मासळी

सीबीडी बेलापूर दिवसा सरकारी ऑफिसांचं, संध्याकाळी शांत. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर मला हे जास्त आवडतं. पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज आहे. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात आखलेली ही वसाहत. सात-सात घरं एका अंगणाभोवती, अशी अंगणं मिळून मोठा चौक, आणि कुठल्याच दोन घरांची भिंत सामाईक नाही. का? पुढेमागे कुटुंब वाढलं तर शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं म्हणून. आज तिथं मूळ रूपातली घरं थोडीच उरली आहेत. लोकांनी खरंच घरं वाढवली आहेत.

जवळच दिवाळे कोळीवाडा. सकाळी मासळी बाजारात मावशींकडून ताजी कोलंबी, बोंबील, नशीब असेल तर जिताडा. हॉटेलात शिजवता येणार नाही, तरी बघायला जाच. नोड येण्याच्या कितीतरी आधीपासून हा किनारा आगरी-कोळ्यांचा आहे.

बेलापूर स्टेशनाजवळून मेट्रो निघते. ११.१ किलोमीटर, ११ स्थानकं, १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू. ठाणे जिल्ह्यात बसायचं आणि खारघरला रायगड जिल्ह्यात उतरायचं. नेरूळ-बेलापूरहून उरणची लोकलही आहे, जानेवारी २०२४ पासून. तिकिटाच्या चिल्लर पैशांत समुद्रकिनाऱ्याचं गाव.

खारघर मोकळं, रुंद रस्त्यांचं, सेंट्रल पार्कचं. टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र इथं असल्यानं उपचारासाठी देशभरातून आलेली कुटुंबंही इथं राहतात. त्यांच्यासाठी चालत जाता येईल एवढ्या अंतरावर जागा मिळणं हीच सगळ्यात मोठी सोय, तेव्हा अॅक्ट्रेकच्या जवळच्या जागा त्यांना राहू द्या. पांडवकडा धबधबा १०७ मीटर उंच आहे, पण पावसाळ्यात प्रशासन तिथं प्रवेशबंदी करतं. ती पाळा, तिथं जीव गेले आहेत.

पनवेलला मुक्काम करायचा तो डोंगरांसाठी. कर्नाळा पक्षी अभयारण्य गोवा महामार्गावर जवळच, वाटेत वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण. थंडीत आलात तर पोपटी विचारा: वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं आणि जाळ. सीएसएमटी मात्र इथून सव्वा ते दीड तास लांब.

तिकिटावरची तीन अक्षरं

विमानानं येणाऱ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं सुरू झाली. तिकिटावर ‘एनएमआय’ असेल तर उलवे, बेलापूर, खारघर, पनवेल हे नोड जवळ. ‘बीओएम’ असेल तर विमान मुंबईत, सांताक्रूझच्या बाजूला उतरणार आणि तुमची टॅक्सी मानखुर्दवरून खाडी ओलांडून येणार. अशा वेळी वाशी सोयीची. दक्षिण मुंबईला थेट जायचं तर २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आहे, पण त्यावर दुचाकी आणि रिक्षाला बंदी, आणि कारला टोल.

लोकलवर भिस्त ठेवणार असाल तर रविवारी मुंबई दर्शन ठेवू नका. हार्बरवर बहुतेक रविवारी दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणारा मेगाब्लॉक असतो, त्याच्या वेळा आधी जाहीर होतात. त्या बघा, आणि ब्लॉक असेल तर रविवार नवी मुंबईतच घालवा.