रेकॉर्डिंगचं बटण गाणाऱ्याच्या हातात

मार्च लागला की छत्रपती संभाजीनगरातल्या घरगुती स्टुडिओंमध्ये भीमगीतांची लगबग सुरू होते. १४ एप्रिलच्या आत गाणं तयार हवं असतं. सिडकोतल्या फ्लॅटची एक खोली, भिंतींवर गोधड्या, ऐन उकाड्यात बंद ठेवलेला पंखा. तरीही कॉम्प्युटरच्या आतल्या पंख्याची घरघर कंडेन्सर माइक टिपतोच. माइक शेजारच्या खोलीत नेला, तर एकट्या गायकाने रेकॉर्डचं बटण दाबून तिकडे पळायचं, आणि पहिल्याच ओळीत धाप ऐकू येणार.

इथे खिशातला फोन कामाला येतो. त्यातून गाण्याचा आवाज जातच नाही. तो माइकच्या केबलने ऑडिओ इंटरफेसमार्गे कॉम्प्युटरमध्ये जातो. फोन पाठवतो तो फक्त हुकूम: सुरू कर, थांब, तिसरा ट्रॅक थोडा उतरव.

अशा हुकमांची भाषा १९८३ साली ठरली, तिचं नाव मिडी. साधारण तीन बाइटांचा एक संदेश, केबलमधून जायला जेमतेम एक मिलिसेकंद. पण आवाज कमीजास्त करायच्या पट्टीला तिथे ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या. पुढे बर्कलीच्या विद्यापीठात १९९७ मध्ये ओपन साउंड कंट्रोल आलं. त्यात दशांशातली बारीक किंमत पाठवता येते, आणि कोणत्या ट्रॅकचं काय बदलायचं हे नावानिशी सांगता येतं. हे संदेश बहुधा यूडीपी या नेटवर्कच्या पद्धतीने धावतात. यूडीपी पोच मागत नाही, म्हणून चपळ. पण वाटेत एखादा संदेश हरवूही शकतो. पट्टी सरकवताना ते खपतं, कारण लगेच पुढचा संदेश येतो. रेकॉर्ड दाबल्यावर मात्र लाल खूण दिसली का, हे पाहूनच गायला लागावं.

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तर हुकूम पाठवायला फोनवर वेगळं अ‍ॅपही लागत नाही. सेटिंगमध्ये वेब ब्राउझरचा पर्याय जोडला, की ते देईल तो पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाकायचा. फोन आणि कॉम्प्युटर एकाच राउटरवर असले की झालं. इंटरनेट नसलं तरी चालतं.

हुकूम क्षणभर उशिरा पोचला तर बिघडत नाही, पण आपलाच आवाज कानात उशिरा आला तर ताल सुटतो. म्हणून हेडफोन वायरचाच घ्या, ब्लूटूथचा नको. आणि फोन फ्लाइट मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवा, शिवाय सायलेंटही करा, कारण वायफायवरूनही कॉल येऊ शकतो; म्हणजे चांगला जमलेला टेक रिंगटोनमुळे वाया जाणार नाही.