गच्चीवर लाईटच्या माळा: ताण किती, भाव किती?

मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न असा: "सर, वाढदिवस, हळद, थर्टी फर्स्टसाठी गच्चीवर वॉर्म व्हाइट बल्बच्या माळा लावून द्यायचं काम सुरू करायचंय. भांडवल कमी आहे. जमेल का?"

जमेल. तुळशीचं लग्न झालं की या कामाला मागणी वाढते आणि पाऊस येईपर्यंत ती थोडीफार टिकते. पण आधी एक प्रसंग ऐका. माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलाचा संध्याकाळी सात वाजता फोन आला. पाहुणे यायला अर्धा तास, आणि माळेसकट खांब आडवा! खाली जेवणाचं टेबल होतं. नशीब, माणूस नव्हतं. पण काचेचे तुकडे कोशिंबिरीत गेले, सगळं जेवण फेकावं लागलं. त्याने घेतलेला अॅडव्हान्स परत केला, वर केटररचे पैसेही भरले.

त्याचं चुकलं कुठे? माळ सरळ दिसावी म्हणून त्याने ती खेचून बांधली होती. इथेच बहुतेक नवे लोक फसतात, म्हणून हा हिशेब नीट समजून घ्या. दोन्ही टोकांना पडणारा ताण साधारण असा निघतो: माळेचं वजन गुणिले अंतर, भागिले झोळाच्या आठपट. समजा बल्ब आणि तारेसकट माळ 3 किलोची आहे आणि दोन टोकांत 10 मीटर अंतर आहे. मध्ये अर्धा मीटर झोळ सोडलात तर ताण येतो साडेसात किलो. झोळ पाव मीटर केला की 15 किलो. आणि अगदी सरळ दिसावी म्हणून 10 सेंटीमीटरवर आणलीत, तर साडेसदतीस किलो! माळ तीच, वजन तेच. वाऱ्याचा जोर यात धरलेलाच नाही.

आता खांबाकडे बघा. रंगाच्या 20 लिटरच्या बादलीत काँक्रीट भरून पाइप उभा करायची पद्धत सगळीकडे आहे. बादली पन्नास किलोच्या आसपास भरते, म्हणून आपल्याला वाटतं हलणार नाही. पण पाइप 11 फुटांचा आणि बादलीचा तळ जेमतेम फूटभर रुंद. वरच्या टोकाला दोन-अडीच किलोचा ओढा बसला तरी ती कलंडते. म्हणजे व्यवस्थित झोळ सोडलेली एक माळसुद्धा तिला जड आहे. खांब वापरायचाच असेल तर मागच्या बाजूने आधाराची तार हवीच. त्या तारेला पांढरी फडकी बांधा, नाहीतर पळणारं पोरगं तिथेच अडकणार.

त्यापेक्षा साइट बघायला जाल तेव्हा पक्के आधार शोधा. आरसीसी कॉलम, जिन्याच्या खोलीची भिंत, बंगला असेल तर जुनं आंब्याचं झाड. झाडाला तार करकचून आवळू नका, रुंद पट्टा घाला. प्लास्टिकची पाण्याची टाकी, सोलरचे पाइप, डिश अँटेना यांना हात लावायचा नाही. सोसायटीच्या गच्चीत ड्रिल तर अजिबात नको. पावसाळ्यात खालच्या फ्लॅटमध्ये गळती झाली की सेक्रेटरी तुमचंच नाव घेणार. जवळून विजेच्या उघड्या तारा जात असतील तर त्या बाजूचं काम सरळ नाकारा.

माळ तिच्याच वायरवर लटकवू नका. आधी 3 मिलिमीटरची स्टीलची तार बांधा, एका टोकाला टर्नबकल लावा आणि माळ त्या तारेला केबल टायने अडकवा. तारेचा फास करताना दोन क्लिप तरी हव्यात, मी तीन लावतो. क्लिपचा यू-बोल्ट तारेच्या उरलेल्या शेपटीवर आला पाहिजे, ताण घेणाऱ्या बाजूवर नाही. झोळ धरून सगळ्यात खालचा बल्ब 9 फुटांच्या वर राहू द्या. नाचताना काका पुतण्याला खांद्यावर घेतातच. आणि बल्ब काचेचे नकोत, प्लास्टिकचे घ्या.

विजेचा लोड ही खरी अडचण नाही. एका माळेत 2 वॅटचे 20 एलईडी बल्ब, अशा 10 माळा म्हणजे 400 वॅट. 230 व्होल्टला दोन अँपिअरसुद्धा होत नाहीत. धोका असतो जोडांचा. उघड्यावर टेप गुंडाळलेला जोड चालणार नाही. होल्डर रिकामा सोडू नका, त्यात करंट असतो. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेला स्वतःचा बोर्ड करून घ्या, आणि डीजेच्या बोर्डावरून सप्लाय घेऊ नका. मेन बोर्डातून वायर काढावी लागली तर परवानाधारक वायरमनच बोलवा. दुपारीच माळा तासभर चालू ठेवून बघा.

आता भाव. त्या मुलाने "माळेला 500" असा दर सांगितला होता. 8 माळांचे झाले 4,000. आता खर्च मांडू, आकडे फक्त उदाहरणाचे. दोन माणसं, दीड दिवस, 800 रोजाने 2,400. टेम्पोच्या दोन फेऱ्या 1,600. साइट बघायला जायचा खर्च 300. टाय, क्लिपा, गेलेले बल्ब 300. माळांवर गुंतवलेले 12,000 तीस कामांत वसूल करायचे तर कामाला 400. बेरीज 5,000. म्हणजे खांब उभा राहिला असता तरी पठ्ठ्या हजाराने तोट्यातच होता! आणि त्याची स्वतःची मजुरी यात कुठेच नाही.

म्हणून माळेवर दर सांगू नका. जागा बघा, मापं घ्या, आधार ठरवा, मग पूर्ण कामाचा एकच आकडा द्या. "एवढे कसे?" असं ताई विचारतीलच. तेव्हा मोबाइलवर स्टीलच्या तारेचा आणि आरसीसीबीचा फोटो दाखवा, वरचा ताणाचा हिशेब दोन वाक्यांत सांगा. तरी घासाघीस झाली तर एखादी माळ कमी करा. तार आणि बोर्ड कमी करायचा नाही.

कोटेशनवर माळा उतरवायची तारीख आणि वेळ लिहाच. नाहीतर "राहू द्या हो दोन दिवस, छान दिसतायत" म्हणतात, आणि शनिवारच्या दुसऱ्या कामाला तुमच्याकडे माळाच नसतात. जास्त दिवस हव्या असतील तर रोजचं भाडं वेगळं, तेही आधीच लिहिलेलं.