बाह्यरुग्ण सेवा आणि फार्मासिस्टचे निवासी प्रशिक्षण

सोलापुरात बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत पुष्कळदा दोन चिठ्ठ्या असतात. एक वैद्यांची, दुसरी डॉक्टरांची. त्या एकत्र पाहण्याची संधी बहुधा औषध देणाऱ्यासच मिळते. म्हणून त्याचे प्रशिक्षण हा आपल्याही जिव्हाळ्याचा विषय होय.

भारतात २००८ च्या नियमांन्वये 'फार्म. डी.' हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आला. त्यातील अखेरचे वर्ष रुग्णालयात घालवावयाचे असते. सहा महिने मेडिसिन विभागात आणि प्रत्येकी दोन महिने अन्य तीन विभागांत. बी. फार्म. पदवीधरांस हाच मार्ग तीन वर्षांचा आहे. अमेरिकेत याही पुढे जाऊन निवासी प्रशिक्षणाचे दुसरे वर्ष केवळ बाह्यरुग्ण सेवेस वाहिलेले असू शकते.

अशा प्रशिक्षणाचे मोल उदाहरणाने कळेल. ज्येष्ठमध अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते. सोबत फ्युरोसेमाइड असल्यास ते आणखी उतरते आणि डिगॉक्सिन घेणाऱ्या हृद्‌रोग्यास विषबाधेचा धोका संभवतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुग्गुळाच्या अर्कामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटलेले आढळले.

तेव्हा वैद्यबंधूंनी चिठ्ठीवर कल्पाचे पूर्ण नाव, मात्रा, अनुपान व रुग्णाची चालू औषधे नोंदवावीत. औषधालयाच्या चालकांनी 'आणखी कोणते औषध चालू आहे?' असे प्रत्येकास विचारावे आणि शंका येताच वैद्यांस कळवावे. प्रशिक्षणाचा पहिला पाठ हाच आहे. त्यासाठी पदवीची वाट पाहण्याचे कारण नाही.