घराजवळचं दार : व्यसनमुक्ती केंद्र निवडताना

बाहेरच्या माणसाला नागपूरजवळची कोराडी दोन गोष्टींसाठी माहीत असते. एक तलावाकाठचं महालक्ष्मी जगदंबेचं मंदिर आणि दुसरी औष्णिक वीज केंद्राची धुराडी. नवरात्रात मंदिराच्या रांगा पहाटेपासून लागतात. वीज केंद्र तर १९७४ पासून रात्रंदिवस पाळ्यांवर चालतं. पाळी, ठेकेदारी, उडती राख, कर्जाचे हप्ते, पानठेल्यावर घोटला जाणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि संध्याकाळचा पव्वा हे सगळं इथल्या अनेक घरांच्या हिशेबात असतं. महादुला, खापरखेडा, कामठी इथलं चित्र याहून वेगळं नाही. नागपूरच्या बंगल्यांतही नाही. तिथे फक्त बाटली महाग असते.

अशा एखाद्या घरात एक दिवस प्रश्न निघतो, चांगलं व्यसनमुक्ती केंद्र कोणतं? मग शोध सुरू होतो. शेजारी एक नाव सांगतो, मोबाइलवर दहा निघतात, विजेच्या खांबावर अकरावं चिकटवलेलं असतं. बहुतेक कुटुंबं तुलना करतात ती तीन गोष्टींवरून. खर्च किती, इमारत कशी आणि ‘तिकडे कडक आहेत का जी?’ या तिन्हींवरून केंद्राच्या गुणवत्तेचा अंदाज येत नाही. तो चार गोष्टींवरून येतो: डॉक्टर, कायदा, कुटुंबाचा सहभाग आणि रुग्ण घरी परतल्यानंतरचं वर्ष. या चार कसोट्या लावल्या, तर दूरच्या नामांकित ठिकाणापेक्षा घराजवळचं साधं दार अनेकदा सरस ठरतं.

आकडे काय सांगतात

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ या वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय, म्हणजे १४.६ टक्के, दारू पितात, असं त्यात दिसलं. त्यांतले जवळजवळ २.९ कोटी दारूवर पूर्ण अवलंबून आहेत. याच अहवालातला दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करतो. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो आणि दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एखादाच. वाईट केंद्रं फोफावतात ती याच पोकळीत. कारण गरज अफाट आहे आणि पर्याय ठाऊक नाहीत.

पहिले चार दिवस डॉक्टरांचे

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडली की शरीर बंड करतं. हातापायांना कापरं सुटतं, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांतच फिट येते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काही जण पूर्ण भ्रमिष्ट होतात. त्यांना नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालल्याचा भास होतो. या अवस्थेत वेळेवर उपचार झाले नाहीत तर मृत्यूही येऊ शकतो. उपचार मात्र जुने आणि सर्वज्ञात आहेत: क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं ठरलेल्या क्रमाने कमी करत नेणं, थायमिन हे बी-१ जीवनसत्त्व देणं आणि रक्तदाब, साखर, यकृत यांवर लक्ष ठेवणं.

म्हणून पहिली चौकशी हीच करायची की सुरुवातीच्या दिवसांत रुग्णाला कोणता डॉक्टर बघतो, तो किती वेळा येतो आणि रात्री फिट आली तर पेशंट कुठे नेतात. ‘आमच्याकडे औषध नाही, फक्त योग आणि प्रार्थना’ असं अभिमानाने सांगणाऱ्या जागी रोज पिणाऱ्या माणसाला नेऊ नये. योग आणि प्रार्थना नंतर कामाच्या आहेत. फिट थांबवणं त्यांचं काम नाही.

‘रुग्णास न सांगता दारू सोडवा’ ही जाहिरातही इथेच निकालात काढू. डायसल्फिराम हे खरं औषध आहे आणि १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये त्याचा हा उपयोग ध्यानात आला. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते द्यायचं असतं. भाजीत गुपचूप पूड मिसळणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

राज्याचा नकाशा

महाराष्ट्रात या क्षेत्राचं सर्वांत परिचित नाव म्हणजे पुण्याचं ‘मुक्तांगण’. ‘गर्द’च्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, विळख्यावर लेखक अनिल अवचटांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी, मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्र सुरू केलं. आज त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर हे काम पाहतात. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, पत्नींचे गट, स्त्रियांसाठी वेगळा विभाग आणि बरे होऊन समुपदेशक झालेली माणसं ही त्याची वैशिष्ट्यं. केंद्र सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, ही गोष्ट नागपूरकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा बारा पायऱ्यांचा कार्यक्रम आणि अय्यंगार योग यांची त्यांनी सांगड घातली. साताऱ्याचं ‘परिवर्तन’ डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकारातून उभं राहिलं आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर ते पुढे नेत आहेत. चमत्काराच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या उपचारांना थारा नसलेलं हे काम आहे.

विदर्भाचं वेगळं उदाहरण गडचिरोलीचं. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. पण बंदीने पिणाऱ्याचा आजार आपोआप जात नाही, हे ओळखून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या साथीने ‘मुक्तिपथ’ सुरू केलं. बाराही तालुक्यांत व्यसन उपचार क्लिनिकं आणि गावोगावी शिबिरं, अशी त्याची रचना. रुग्णाला शहरात नेण्याऐवजी उपचारच तालुक्याला आणि गावाला न्यायचे, हा त्यातला धडा. शेजारच्या चंद्रपूरमध्ये २०१५ साली बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. त्या वादात दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं, उपचारांबद्दल मात्र फार थोडं.

याशिवाय केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांनी चालवलेली एकात्मिक पुनर्वसन केंद्रं राज्यभर आहेत. तिथले उपचार मोफत असतात. आपल्या जिल्ह्यात असं केंद्र कुठे आहे, हे समाजकल्याण कार्यालयात किंवा १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विचारता येतं. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही ‘टेलिमानस’ सेवा २०२२ पासून सुरू आहे.

कोराडीहून जवळ काय?

कोराडीचा माणूस नागपूरला जातो तेव्हा कोराडी रोडवरच प्रादेशिक मनोरुग्णालय लागतं. राज्यात अशी सरकारी मनोरुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि हे नागपूरचं. आजूबाजूच्या चौकाला लोक अजून ‘पागलखाना चौक’ म्हणतात. बस त्या नावाने थांबते आणि दारूसाठी उपचार हवा असलेला माणूस तिथे उतरत नाही. घरचेही म्हणतात, ‘तो काही पागल नाही.’ नसेलच, पण व्यसनाचा आजार ओळखणारे आणि त्यावर औषध देणारे मनोविकारतज्ज्ञ तिथेच भेटतात. येरवड्याच्या अशाच आवारातून राज्यातलं सर्वांत नावाजलेलं केंद्र उभं राहिलं, हे आठवलं तर हा संकोच थोडा सैल व्हावा.

नागपूरची ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं ‘एम्स’ या तिन्ही ठिकाणी मनोविकारशास्त्र विभाग आहेत. ज्याला फिट आलेली नाही, कावीळ नाही, घरात सांभाळणारं कोणी आहे, अशा अनेकांचं व्यसन बाह्यरुग्ण विभागातूनही सुटू शकतं. प्रत्येकाला महिनाभर दाखल होण्याची गरज नसते. ते ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचा. भ्रम, फिट किंवा बेशुद्धी दिसली तर केंद्र शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचं.

कायदा काय म्हणतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थिती त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. संस्थेची धर्मादाय नोंदणी ही वेगळी गोष्ट. तिचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं म्हणून फसू नये.

स्वेच्छेने दाखल झालेल्या प्रौढाने घरी जायचं म्हटलं तर त्याला सोडावंच लागतं. डॉक्टरांना गंभीर धोका वाटला तर तपासणीसाठी २४ तासांपर्यंत थांबवता येतं. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका यासारखी कारणं लागतात, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि सुरुवातीला मुदत ३० दिवसांचीच मिळते. साखळीने बांधायला सक्त मनाई आहे. घरच्यांशी संपर्क ठेवणं हा रुग्णाचा हक्क आहे. गाडी पाठवून माणूस उचलून नेणं, ‘पहिला महिना भेट नाही, फोन नाही’ अशी अट घालणं, शिस्तीच्या नावाने मारहाण करणं हे उपचार नव्हेत. अशा जागेची तक्रार पोलिसांकडे आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे करता येते. अमली पदार्थांच्या बाबतीत घरच्यांना अटकेची भीती असते. पण अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यातील कलम ६४-अ तिला खटल्यापासून संरक्षण देतं.

पैशांचं एक सांगायला हवं. मानसिक आजाराला विमा द्या असं २०१७ चा कायदा सांगतो. तरी बहुतेक पॉलिसींत दारू आणि अमली पदार्थांचे उपचार वगळलेले असतात. पॉलिसी आधी वाचावी आणि केंद्राकडून औषधं, तपासण्या, मुक्काम यांचा खर्च लेखी घ्यावा.

यशाचे टक्के

‘९५ टक्के यश’ असं सांगणाऱ्याला विचारावं, यश कशाला म्हणता आणि किती महिन्यांनी मोजलंत? केंद्रातून बाहेर पडताना सगळेच कोरडे असतात. खरी मोजणी त्यानंतर सुरू होते.

पद्धतींच्या तुलनेचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. ‘प्रोजेक्ट मॅच’मध्ये १,७२६ रुग्णांवर तीन वेगवेगळ्या मानसोपचार पद्धती वापरल्या गेल्या. १९९७ च्या निष्कर्षांत तिन्हींनी फायदा झाला आणि त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, हा १९३५ पासूनचा बिनपैशाचा मार्ग. २०२० च्या ‘कॉक्रेन’ आढाव्यात दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत त्यावर आधारलेले उपचार इतर प्रस्थापित पद्धतींइतके किंवा त्यांहून सरस ठरले. नागपुरात एएच्या सभा होतात, आणि कुटुंबांसाठी ‘अल-अनॉन’ आहे.

आपल्याला सर्वांत उपयोगी निष्कर्ष मात्र शेजारच्या गोव्याचा. ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. थोड्याच बैठका झालेल्या गटातल्या ३६ टक्के जणांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, तर नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होतं. २०१७ साली ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. पूर्ण अवलंबित्व आलेल्यांना हे पुरणार नाही. पण त्या टोकाला पोचण्याआधीच्या हजारोंना जवळच्या दवाखान्यातच मदत मिळू शकते, हे त्यातून सिद्ध झालं.

घसरण हाही आजाराचाच भाग. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून कुणी रुग्णाला घराबाहेर काढत नाही. पुन्हा प्यायल्यावर ‘आता आमच्याकडे येऊ नका’ म्हणणारं केंद्र नापासच समजावं. साप्ताहिक गट, महिन्याची तपासणी, पत्नी-आईवडिलांसाठी बैठक आणि घसरल्यास परत येण्याची मुभा हे सगळं वर्षभर देणारं केंद्र पास. पुणे नागपूरहून सातशे किलोमीटरवर आहे. ठेकेदारी कामगाराने दर आठवड्याला पाठपुराव्याला तिथे जायचं ते कसं? पुण्याला उपचार घेतलेच, तर निघण्याआधीच पाठपुराव्याची सोय नागपुरात ठरवून घ्यावी.

दोन गोष्टी नेहमी राहून जातात. पिणाऱ्या स्त्रिया उपचाराला फार क्वचित पोचतात. त्यांच्यासाठी वेगळा वॉर्ड आणि स्त्री समुपदेशक आहे का, हे आधी विचारावं. आणि खर्रा. दारू सुटली की तो दुप्पट होतो, आणि घरचे म्हणतात, ‘तेवढं तरी राहू द्या.’ राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, खर्रा मात्र ठेल्यावर घोटणं चालूच आहे. रोज खर्रा खाणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचा धोका मोठा. दारूविरुद्ध आयुष्यभर भजनांतून बोललेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला आहे, आणि तिथे खर्ऱ्याचे रुग्ण येत राहतात. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

कोराडीतल्या कुटुंबाला सांगायचं ते एवढंच. आधी सरकारी मनोविकार विभागात तपासणी करा. दाखल व्हायची गरज निघाली तर नोंदणी, डॉक्टर, भेटीची मुभा आणि वर्षभराचा पाठपुरावा या चार गोष्टी लेखी विचारा. उत्तर टाळणाऱ्या ठिकाणाहून परत फिरा, मग तिथला बगीचा कितीही सुंदर असो. वीज केंद्राच्या व्यवस्थापनाने आणि ठेकेदारांनीही उपचारासाठी रजा घेणाऱ्या कामगाराची नोकरी राखावी. वर्षभर पाठपुरावा करायचा तर हातात काम असावं लागतं.