भिजल्यावर उमलणारी पिसं

1 जुलै 1924. अमेरिकेच्या मेन राज्यात, रेंजलीच्या तळ्यांमधल्या अप्पर डॅम या धरणाजवळ राहणाऱ्या कॅरी स्टीव्हन्स यांनी हातातलं घरकाम बाजूला ठेवलं, मासे पकडायला स्वतः बांधलेला एक फ्लाय घेतला आणि धरणाखालच्या डोहावर गेल्या. तिथे त्यांच्या गळाला ब्रूक ट्राउट जातीचा मासा लागला. वजन 6 पौंड 13 औंस, म्हणजे तीन किलोहून थोडं जास्तच. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ मासिकाच्या त्या वर्षीच्या स्पर्धेत या माशाला दुसरं बक्षीस मिळालं. मासा कशावर लागला, हे वाचकांना कळलं आणि कॅरीबाईंच्या फ्लायना मागणी येऊ लागली.

त्या दिवशीचा फ्लाय ‘ग्रे घोस्ट’च होता, असं पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. तो त्याच घडणीचा पण वेगळ्या नावाचा फ्लाय असावा, असं काही अभ्यासक मानतात. पण स्ट्रीमर या प्रकारचा फ्लाय म्हटलं की आज जगभर पहिलं नाव निघतं ते ग्रे घोस्टचं, आणि तो कॅरीबाईंचाच, याबद्दल वाद नाही.

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि धागे बांधून केलेलं खोटं आमिष. बहुतेक फ्लाय किड्यांची नक्कल करतात. स्ट्रीमर मात्र छोट्या माशाची. रेंजलीच्या तळ्यांत हा छोटा मासा म्हणजे स्मेल्ट. सडपातळ, चंदेरी कुशीचा, पाठीला गडद. वसंतात बर्फ वितळलं की स्मेल्टचे थवे अंडी घालायला ओढ्यांकडे निघतात आणि ट्राउट व सामन त्यांच्या मागे लागतात. कॅरीबाईंचे पती वॉलेस मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांचे वाटाडे होते. धरणाखालचा डोह घराजवळच होता. बांधलेला फ्लाय पाण्यात कसा दिसतो, हे पाहायला फार लांब जावं लागत नव्हतं. ग्रे घोस्टचं सगळं मर्म मला इथे दिसतं. हा फ्लाय टेबलावर सुंदर दिसतोच, पण त्यातली प्रत्येक वस्तू ओली झाल्यावर काय करेल, या हिशेबाने निवडलेली आहे.

बांधणी लांब दांडीच्या गळापासून सुरू होते. दांडीवर आधी बारीक दोऱ्याचा सपाट थर द्यायचा. मागच्या टोकाला चपट्या चंदेरी पट्टीचे दोन-तीन वेढे, मग पुढे गळाच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे दोरी ओवायच्या भोकापर्यंत, नारिंगी रेशमाचं अंग. रेशीम अगदी पातळ आणि गुळगुळीत बसलं पाहिजे. खालचा दोरा कुठे उंच-सखल झाला तर तो उंचवटा वर हमखास दिसतो. त्यावरून पुन्हा चंदेरी पट्टी, सारख्या अंतराने, तिरप्या वेढ्यांत. कोरडं असताना हे रेशीम भडक वाटतं. भिजलं की रंग खोल जातो आणि पिसांच्या आडून त्याची नुसती ऊब जाणवते.

मग दांडीच्या खालच्या बाजूला मोरपिसाचे चार-पाच तंतू आणि त्यांच्याखाली हरणाच्या शेपटीचे पांढरे केस. दोन्ही गळाच्या वळणापलीकडे जाणारे. पांढरे केस म्हणजे स्मेल्टचं पोट. त्यापुढे सोनेरी फेझंट या पक्ष्याच्या तुऱ्यातलं एक आखूड पीस, वर वळणारं. दांडीच्या वरच्या बाजूला त्याच तुऱ्यातलं लांब पीस, खाली वळणारं. ही दोन वळणं समोरासमोर आली की माशाच्या अंगाची बाह्यरेषा तयार होते.

यानंतर येतात पंख, म्हणजे कोंबड्याच्या पाठीवरची चार लांब, राखी पिसं. फ्लायला ‘राखाडी भूत’ म्हणावंसं का वाटलं असेल, ते ही पिसं पाण्यात पाहिल्यावरच पटतं. ओली झाली की ती अंगाला चिकटतात, बारीक होतात आणि दोरी खेचली की श्वास घेतल्यासारखी हलतात. खेच थांबली की पुन्हा किंचित फुलतात.

कॅरीबाईंचं खरं वेगळेपण या टप्प्यावर आहे. त्या एका बाजूची दोन राखी पिसं, त्यांवर खांद्याला चंदेरी फेझंटचं पांढरं, काळ्या बारीक रेघांचं पीस आणि त्यावर गालाचं पीस, असं सगळं आधी एकत्र चिकटवून घेत. दुसऱ्या बाजूचा संच तसाच. मग हे दोन तयार संच दांडीच्या दोन्ही कुशींना बसवत. त्यामुळे पंख वर उभा न राहता अंगाला झाकून घेतो आणि बाजूने पाहिलं की अखंड मासा दिसतो. आधी त्या बायकांच्या टोप्या सजवण्याचं काम करत, असं सांगतात. पिसाचा कल कुणीकडे आहे आणि ते दुसऱ्यावर कसं बसेल, याची जाण त्या हातांना तिथूनच मिळाली असावी, असं मला वाटतं. फ्लाय बांधणारे बहुतेक सगळे गळ पोलादी शिकंज्यात पकडतात. कॅरीबाई तो नुसता बोटांत धरून बांधत. शेवटी फ्लायच्या काळ्या डोक्यावर रंगीत दोऱ्याचा एक पट्टा देत. तीच त्यांची सही.

गालाच्या त्या पिसाबद्दल मराठी वाचकाला थोडं जास्त सांगायला हवं, कारण ते पीस आपल्या रानातलं आहे. सह्याद्रीत पहाटे ज्याची बांग ऐकू येते, त्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरचं. या पिसाच्या टोकाला तंतू एकजीव होऊन मेणासारखा चकचकीत, पिवळट पांढरा ठिपका झालेला असतो. इतर पिसं भिजून मावळतात. हा ठिपका पाण्यातही जसाच्या तसा चमकतो. शिकारी मासा समोरच्या छोट्या माशाचा डोळा हेरून झेपावतो, असं गळवाले मानतात. त्यासाठी याहून चांगला डोळा कोणालाही बनवता आलेला नाही. हे ठिपके फक्त नराला असतात, आणि पावसाळ्यात पिसं झडतात तेव्हा काही काळ त्याच्या मानेवरही ते दिसत नाहीत.

इंग्रजांच्या सामन फ्लायमध्ये हे पीस एकोणिसाव्या शतकापासूनच होतं, आणि त्या हौसेपायी भारतातून रानकोंबड्यांची कातडी ढिगांनी परदेशी गेली. मला हे सौंदर्य आवडतं, म्हणून त्याची ही किंमत झाकून ठेवावी असं वाटत नाही. 1960च्या दशकात भारताने ही निर्यात बंद केली, आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्याला इथे संरक्षण दिलं. आता परदेशात पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं विकली जातात. ती महाग असतात. ठिपका चिरला तर बांधणारे तो फेकत नाहीत. मागून डिंकाचा बारीक थेंब देऊन जोडतात. कोणी प्लास्टिकचे ठिपके वापरतात, कोणी गालच वगळतात. माझ्या मते रानातला पक्षी रानात ठेवून प्लास्टिकचा डोळा लावणं हे या कलेचं मुळीच कमीपण नाही. पाण्यात खरं काम राखी पिसं करतात.

1953 मध्ये कॅरीबाईंनी आपला व्यवसाय एच. वेंडेल फोकिन्स यांना विकला. 1970 मध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी मेन राज्याने त्यांच्या नावाचा दिवस पाळला आणि अप्पर डॅमला त्यांच्या स्मरणार्थ पाटी बसवली. त्यांनी स्वतः बांधलेले फ्लाय आज संग्राहकांकडे काचेमागे आहेत, आणि ते तिथेच असावेत. पण नव्याने बांधलेले ग्रे घोस्टही चौकटीत घालून भिंतीवर लावण्याची रीत पडली आहे, ती मला पटत नाही. चौकटीत रेशीम भडकच राहतं, पिसं ताठ राहतात, आणि बांधणाऱ्याने पंख दोन्ही कुशींना सारखा बसवला की नाही, हेही कळत नाही. पंख एका बाजूला जरासा जड झाला तर फ्लाय ओढताना कलंडतो किंवा गरगर फिरतो. ते पाहायला तो दोरीला बांधून वाहत्या पाण्यात आडवा टाकावा, बुडू द्यावा, दोन छोटे झटके देऊन खेचावा, थांबावा, पुन्हा खेचावा. पंख सरळ असला तर फ्लाय थांबल्यावरही पोट खाली ठेवून तरंगत राहतो. नसला तर दोरा कापून, तीच पिसं जपून सोडवून, पुन्हा बांधायला बसावं.