बाजार शिकताना : टोमणे कोणते, आकडे कोणते?



"शेअर बाजार म्हणजे निव्वळ जुगार!" आणि "आमच्या ओळखीच्याने वर्षात पैसे दुप्पट केले!" ही दोन्ही वाक्ये आपल्या कॅम्पात सहज कानी पडतात. पहिले ऐकून काहीजण बाजार शिकायचाच सोडतात. दुसरे ऐकून काहीजण न शिकताच उडी घेतात. दोघांचेही नुकसानच होते.

बाजार आपल्याला नवा नाही. बेळगावच्या बाजारात रताळ्यांची आवक वाढली की भाव उतरतो. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांना भावाचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. रास्त भावासाठी १९८१ साली तेथे मोठे आंदोलन झाले. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा छोटा हिस्सा. त्याचाही भाव घेणारे आणि विकणारे मिळून ठरवतात. आपण घेतो तेव्हा समोर कोणीतरी विकत असतो, हे विसरू नये.

इतिहासही पाहावा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती आलेल्या पैशातून नवनव्या कंपन्या निघाल्या व त्यांचे शेअर भराभर चढले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि अनेक सधन घराणी बुडाली.

मग लोकांचे ऐकावे की नाही? आमच्या मते एक कसोटी लावावी. बोलणाऱ्याने कारण किंवा आकडा दिला, तर ऐकावे. नुसता टोमणा मारला, तर हसून सोडून द्यावे. "मराठी माणसाचे हे काम नव्हे" हा टोमणा आहे. मात्र 'सेबी'ने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास टोमणा नव्हे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनचे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. हा आकडा कानाआड करणे म्हणजे धैर्य नव्हे.

आता थोडे गणित. १०० रुपयांचे ५० झाले, तर तोटा ५० टक्के. पण पुन्हा १०० व्हायला नफा १०० टक्के लागतो! म्हणून कमावण्याआधी राखायला शिकावे. दर सौद्याला दलाली व कर लागतात, तेही हिशेबात धरावेत.

शिकण्याची रीत सोपी आहे. एक वही करावी. वर्षभर कागदावरच सौदे करावेत : तारीख, भाव, खर्च आणि 'का घेतला' हे कारण. पुढे काय झाले तेही लिहावे. वही टीकाकारांपेक्षा खरे बोलते. 'सेबी'ने स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेची गुंतवणूकदारांसाठी विनामूल्य परीक्षाही आहे. पालकांनी ती जरूर द्यावी.

पालकांना एवढीच विनंती : घरखर्चाचा, शिक्षणाचा किंवा उसना पैसा बाजारात घालू नये. खात्रीच्या नफ्याचे आश्वासन देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. आणि मुलगा-मुलगी वही घेऊन बसली, तर 'जुगार' म्हणून हिणवू नये. शेजारी बसून बेरीज तपासावी.