पहिली शिडाची नौका कशी निवडावी?

हौसेखातर शिडाची लहान नौका घ्यावी असें ज्याला वाटूं लागतें, त्याच्या मनांत बहुधा दोन चित्रें असतात. एका चित्रांत तो पहांटेच्या मतलई वाऱ्यावर बंदर सोडतो, दोनचार दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानें फिरतो आणि रात्रीं एखाद्या खाडींत नांगर टाकून नौकेंतच निजतो. दुसऱ्या चित्रांत तो शर्यतीच्या आरंभरेषेजवळ दबा धरून असतो आणि शेजारच्या नौकेपेक्षां हातभर पुढें सरकण्यासाठीं शिडाचा दोर ओढीत असतो. एकाच नौकेंत हीं दोन्ही सुखें मिळतील काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मिळतील, असें माझें उत्तर आहे. परंतु त्यासाठीं काय सोडावें लागतें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

प्रथम वेगाचा विचार करूं. पाणी कापीत जाणारी जड नौका आपल्या पुढें व मागें एकेक लाट उभी करते आणि त्या दोन लाटांच्या मध्यें स्वतःच अडकून पडते. म्हणून वारा कितीहि वाढला तरी तिचा वेग तिच्या पाण्यालगतच्या लांबीनें बांधलेला असतो. ही लांबी फुटांत मोजावी, तिचें वर्गमूळ काढावें व त्याला १.३४ नें गुणावें. येणारा आंकडा म्हणजे ताशीं किती सागरी मैल जातां येईल याची साधारण मर्यादा. वीस फूट लांबीला ही मर्यादा सुमारें सहा सागरी मैल येते. ती ओलांडावयाची तर नौका इतकी हलकी हवी कीं, ती लाटेवर चढून घसरत गेली पाहिजे. शर्यतीची नौका रेखाटणारा म्हणूनच वजन छाटतो आणि शीड वाढवितो. उलट सफरीला निघणाऱ्यास पिण्याचें पाणी, शिधा, स्टोव्ह, अंथरूण, दोन नांगर आणि त्यांची साखळी हें सारें बरोबर न्यावें लागतें. हलक्या नौकेंत हा संसार भरला कीं तिचा हलकेपणा जातो, आणि ज्या गुणासाठीं पैसे मोजले तोच नाहींसा होतो.

दुसरा प्रश्न वेगाहून गंभीर आहे. वाऱ्यानें कललेली नौका पुन्हां सरळ कशी होते? याचीं साधनें दोन : रुंदी आणि तळाचा भार. रुंद नौका कलूं लागली म्हणजे पाण्यांत शिरणारी बाजू पाण्याकडून वर लोटली जाते. त्यामुळें आरंभीं ती भक्कम वाटते. परंतु एखाद्या मोठ्या लाटेनें तिला पुरती पालथी केली, तर तीच रुंदी तिला पालथ्या स्थितींतहि स्थिर ठेवते. अरुंद, पण खोल आणि जड कण्याची नौका याच्या उलट वागते. थोड्या वाऱ्यांतच ती कलते व नवख्याला धडकी भरते. मात्र कलणें वाढत जाईल तसतसा कण्याचा भार तिला अधिकाधिक जोरानें उभी करूं पाहतो. या भाराला दर्यावर्दी लोक नीरम म्हणतात. नौकेच्या एकूण वजनांत नीरम किती, हा प्रश्न विकणाऱ्याला सर्वांआधीं विचारावा.

हा भेद केवळ कागदावरचा नाहीं. १९७९ च्या ऑगस्टांत इंग्लंडच्या किनाऱ्यावरून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परतण्याच्या शर्यतींत ३०३ नौका निघाल्या होत्या. वाटेंत वादळानें गांठलें. १५ स्पर्धक मृत्युमुखीं पडले, २४ नौका माणसांनीं टाकून दिल्या आणि शर्यत पुरी करणाऱ्या नौका अवघ्या ८५ निघाल्या. सर्वांत लहान नौकांच्या वर्गांतून एकटी ‘असेंट’ शेवटपर्यंत पोंचली. ती काँटेसा ३२ या जातीची, म्हणजे अरुंद बांध्याची व भरपूर नीरम असलेली नौका होती. टाकून दिलेल्या नौकांपैकीं बहुतेक मागाहून तरंगत सांपडल्या, ही गोष्टहि विसरण्याजोगी नाहीं. नौका तरंगत आहे तोंवर तीच आपला आसरा होय.

आतां तीन नमुने घेऊन हे विचार ताडून पाहूं. पहिला नमुना फोकबोटीचा. फोकबोट म्हणजे लोकांची नौका. सामान्य ऐपतीच्या माणसाला परवडेल अशी नौका हवी, म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत उत्तर युरोपांतील नौकासंघांनीं स्पर्धा ठेवली. आलेल्या आराखड्यांतले गुण एकत्र करून टूर्ड सुंडेन यांनीं अखेरचे नकाशे काढले आणि १९४२ सालीं स्वीडनमधील गोटेबर्ग येथें पहिली फोकबोट पाण्यांत उतरली. तिची लांबी ७.६८ मीटर, रुंदी २.२० मीटर, बूड १.२० मीटर व शीड २४ चौरस मीटर. वजन सुमारें १,९३० किलो, आणि त्यांतलें निम्म्याहून अधिक एकट्या कण्यांत. आंत ताठ उभें राहतां येत नाहीं, हा तिचा मोठाच उणेपणा.

दुसरा नमुना जे २४ या अमेरिकन नौकेचा. रॉड जॉन्स्टन यांनीं पहिली नौका आपल्या घराच्या गॅरेजमध्यें बांधली, आणि १९७७ पासून अशा पांच हजारांहून अधिक नौका तयार झाल्या. लांबी ७.३२ मीटर, रुंदी मात्र २.७१ मीटर; वजन सुमारें १,४०० किलो आणि त्यांत नीरम एकतृतीयांशाहून कमी. राहिलेलें काम वाऱ्याकडच्या कडेवर बसलेले चारपांच गडी आपल्या वजनानें करतात. ते आहेत तोंवर ही नौका वाऱ्यासारखी पळते. पण पतिपत्नी दोघांनींच सफरीला निघावें, तर तिला आंवरणें कष्टाचें होतें.

तिसरा नमुना १९६९ सालच्या वेस्टर्ली सेंटॉर या इंग्रजी नौकेचा. हिला एकाऐवजीं दोन आंखूड कणे आहेत. बूड केवळ ०.९१ मीटर असल्यामुळें ती उथळ खाडींत शिरते, आणि ओहोटींत पाणी गेलें तर चिखलावर सरळ उभी राहते. आंत ऐसपैस जागा आहे. परंतु वाऱ्याच्या तोंडावर चढतांना ती मागें पडते. शर्यत जिंकण्याची हौस तिनें फारशी पुरविली जाणार नाहीं.

या तिघींत पहिली निवड फोकबोटीच्या वळणाची असावी, असें माझें मत आहे. तिचें सामर्थ्य कसोटीला लागलेलें आहे. १९६० सालीं अटलांटिक महासागर एकट्यानें ओलांडण्याची पहिली शर्यत झाली, तेव्हां ब्लाँडी हॅसलर यांनीं फोकबोटीच्याच आकारावर बेतलेल्या ‘जेस्टर’वर चिनी पद्धतीचें शीड चढवून ४८ दिवसांत अमेरिका गांठली आणि दुसरा क्रमांक मिळविला. शिवाय तिच्या शर्यती एकाच सांच्याच्या नौकांमध्यें होतात. असमान नौकांच्या शर्यतींत प्रत्येकीला वेळेची सूट देऊन निकाल लावावा लागतो, आणि हरलेला मनुष्य गणिताला दोष देतो. सांचा एकच असला म्हणजे जो पुढें जातो तो आपल्या कौशल्यानें. नवख्याला आपली चूक तेथल्या तेथें दिसते.

तथापि, ज्या बंदरांत एकहि फोकबोट नाहीं तेथें ती घेऊन शर्यतीचें सुख मिळणार नाहीं. म्हणून आधीं आपलें पाणी पाहावें. मुंबई बंदरांत उधाणाच्या वेळीं पाणी साडेतीन मीटरांहून अधिक चढतें-उतरतें. भरतीला जेथें नौका सहज जाते तेथें ओहोटीला चिखल असतो. पावसाळ्याचे चार महिने नौका बाहेर ओढून ठेवावी लागते. तेव्हां बूड किती, तिला ओढून ठेवण्याची सोय कोठें, आणि रविवारीं आपल्या बंदरांत कोणत्या जातीच्या नौका शर्यतींत उतरतात, या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून जाहिराती वाचूं नयेत.

किंमत हा केवळ पहिला हप्ता होय. नांगरवाड्याचें भाडें, विमा, रंग, नवीं शिडें हा खर्च दरसाल चालूच राहतो. म्हणून गांठीं असलेले सर्व पैसे खरेदींत घालूं नयेत. जुनी नौका घेतांना तज्ज्ञाकडून पाहणी करवावी. पण आपणहि कांहीं पाहावें. लांकडी मुठीनें तळ ठोकीत जावें. खणखणीत आवाज मध्येंच बद्द झाला तर तेथें फायबरग्लासचे थर सुटले आहेत किंवा ओल मुरली आहे असा संशय घ्यावा. कणा जखडणाऱ्या बोल्टांभोंवतीं गंज दिसतो काय, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांचा एखादा पेड तुटला आहे काय, हें बोटांनीं नव्हे, जाड फडक्यानें चांचपावें. शीड उजेडासमोर धरून शिवण पाहावी. यांतलें रंगकाम मुळींच महत्त्वाचें नाहीं.

कोणी म्हणेल, लहान नौका कशाला, एकदम मोठीच घ्यावी. कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यांत बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादई’वर, हें खरें. परंतु तत्पूर्वीं त्यांच्या गांठीं आरमारांतील नौकानयन होतें, आणि मॉरिशसहून गोव्यापर्यंत एकट्यानें येऊन त्यांनीं स्वतःची व नौकेची परीक्षा घेतली होती. नवख्याला मोठी नौका शिकवीत नाहीं; तिचें शीड मोठें, तिचा धक्का मोठा आणि तिचें बिलहि मोठें.

तेव्हां येत्या आश्विनांत लगेच खरेदीला निघूं नका. एक हंगाम दुसऱ्याच्या नौकेवर गडी म्हणून जा. शर्यतींत बहुधा एखादा गडी कमी पडतोच, आणि दोर ओढणारे दोन हात कोणी नाकारीत नाहीं. वाढत्या वाऱ्यांत शीड वेळेवर आंखूड करणें आणि अंगावर जीवरक्षक जाकीट असल्यावांचून पाय न उचलणें, या दोन संवयी तेथें जडवून घ्या. हंगाम संपतांना आपल्याला शर्यतीची ओढ अधिक कीं सफरीची, हें आपणांस ठाऊक झालेलें असेल. मग नौका निवडणें फारसें कठीण राहणार नाहीं.